ऊष्मा, शर्करा आणि कागद : अऱ्हेनियसच्या समीकरणाचा इतिहास

प्रस्तुत लेखाचा मथळा पाहून हें त्रैमासिक रसायनशाळेचें मुखपत्र केव्हां झालें, असा प्रश्न कांहीं वाचकांस पडेल. त्यांच्या समाधानार्थ लेखाचें निमित्त प्रथम सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं एका जुन्या घराण्याकडील मोडी कागदांचा एक रुमाल आमच्या हातीं आला. तो त्यांच्या घराच्या माळ्यावर, पत्र्याच्या छपराखालीं, किती वर्षें पडून होता हें घरांतील वडील मंडळींसही सांगतां येईना. रुमालांत दोन प्रकारचे कागद होते. एक, अठराव्या शतकांतील अस्सल पत्रें, घोटीव हातकागदावर काजळी शाईनें लिहिलेलीं, दुसरा, इ. स. १९०० च्या सुमारास कोणा हौशी गृहस्थानें गिरणीच्या कागदावर उतरून ठेवलेल्या त्याच पत्रांच्या बाळबोध नकला. अस्सलांच्या कडा कसरीनें खाल्ल्या होत्या, मध्यें पाण्याचे डाग होते, तरी कागद उलगडतांना वळत होता आणि अक्षर शाबूत होतें. नकलांची पहिली घडी मात्र उघडतांच घडीवर मोडली आणि बोटांशीं पिंगट चुरा तेवढा राहिला. नकलांच्या माथ्यावर अनुक्रमांक घातलेले होते. ते जुळवून पाहतां निम्म्याहून अधिक पत्रांचीं अस्सलें रुमालांत नव्हतींच. म्हणजे मूळ पूर्वींच गेलेलें, आणि नक्कल आमच्या डोळ्यांदेखत, आमच्याच हातानें गेली.

सव्वाशें-दीडशें वर्षें अगोदरचा कागद टिकतो आणि मागाहूनचा नासतो, हें कसें? संग्राहक मंडळी याचें उत्तर ‘गिरणीचा कागद वाईट’ एवढ्यावर भागवितात. तें खरें आहे, परंतु अर्धें आहे. वाईट कागदही सर्व ठिकाणीं सारख्याच वेगानें नासत नाहीं. उरलेल्या अर्ध्या उत्तराचा माग काढतां काढतां आम्ही कागदाकडून साखरेकडे, आणि साखरेकडून युरोपांतील एका समीकरणाच्या इतिहासाकडे जाऊन पोंचलों. तो इतिहास आमच्या कल्पनेपेक्षां अधिक मनोरंजक निघाला, आणि पाठभेद लावण्यांत ज्यांचे डोळे शिणले आहेत अशा वाचकांस तो परका वाटणार नाहीं.

उष्णतेनें पदार्थांत पालट होतो हें ज्ञान कोणत्याही एका राष्ट्राची मिरास नाहीं. आपल्याकडे कच्चा श्याम घट भट्टींत रक्त कसा होतो, यावर वैशेषिक आणि नैयायिक यांनीं सूक्ष्म वाद घातलेला आहे. पालट परमाणूंत होतो असा वैशेषिकांचा पीलुपाक, आणि अखंड घटांतच होतो असा नैयायिकांचा पिठरपाक. परंतु या वादाचा हवाला देऊन ‘हें सर्व आमच्या पूर्वजांस ठाऊक होतें’ असें म्हणण्याची जी रीत पडली आहे, ती आम्हांस मान्य नाहीं. पाक कशांत होतो, हा त्यांचा प्रश्न होता. तो किती वेळांत होतो, आणि अग्नि थोडा वाढविल्यास वेळ किती घटतो, हा प्रश्न त्यांनीं विचारला नाहीं. युरोपांतही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो कोणीं नेमकेपणानें विचारला नव्हता.

तो विचारणारा पहिला मनुष्य लुडविग विल्हेल्मी हा होय. याचा जन्म १८१२ चा, पॉमेरानिया प्रांतांतला. आधीं हा औषधविक्रीचा धंदा करीत होता. पुढें धंदा सोडून हायडेलबर्ग येथें विद्याव्यासंगांत पडला. १८५० सालीं त्यानें उसाच्या साखरेवर अम्लांची क्रिया कोणत्या नियमानें होते याविषयीं एक निबंध प्रसिद्ध केला. साखरेच्या पाण्यांत थोडें अम्ल घातलें असतां तिचा रेणु पाण्याच्या योगानें दुभंगतो आणि ग्लुकोज व फ्रुक्टोज अशा दोन धाकट्या शर्करा निर्माण होतात. ही क्रिया डोळ्यांस दिसत नाहीं, वासानें कळत नाहीं. परंतु ध्रुवीभूत प्रकाशाची पातळी उसाची साखर उजवीकडे वळविते, आणि तिच्यापासून झालेलें मिश्रण डावीकडे. त्यामुळें नळींतील द्रवास स्पर्श न करतां, क्रिया न थांबवितां, नुसता कोन वाचून किती साखर शिल्लक आहे हें क्षणोक्षणीं सांगतां येतें. विल्हेल्मीनें तसें वाचन केलें आणि दाखविलें कीं, कोणत्याही क्षणीं क्रियेचा वेग त्या क्षणीं उरलेल्या साखरेच्या प्रमाणांत असतो. रासायनिक क्रियेचा वेग गणिताच्या भाषेंत मांडण्याचा हा पहिला प्रसंग. उष्णमान वाढविल्यास वेग किती वाढतो हेंही त्यानें मोजलें आणि त्यासाठीं एक सूत्र बसविलें. त्या निबंधाकडे तीस वर्षांहून अधिक काळ कोणीं ढुंकूनही पाहिलें नाहीं. ऑस्टवाल्डनें त्याकडे लक्ष वेधलें तेव्हां विल्हेल्मी वारून वीस वर्षें झालीं होतीं. दप्तरांत पडलेल्या कागदाची जी गति तीच छापलेल्या निबंधाचीही होते, हें पाहून आम्हांस थोडें समाधानच वाटलें.

जातां जातां एक शब्दाची गोष्ट. विल्हेल्मी ज्या पदार्थास आपल्या भाषेंत ‘झुकर’ म्हणतो तो शब्द मूळचा आपल्या ‘शर्करा’ शब्दाचाच वंशज आहे. फारसींतील ‘शकर’ आणि अरबींतील ‘सुक्कर’ हे त्याच्या प्रवासांतील मुक्काम. आपली ‘साखर’ घरींच राहिली, एवढाच भेद.

विल्हेल्मीनंतर सूत्रांचें पीक आलें. १८६२ सालीं फ्रान्समध्यें बर्थेलो यानें अम्ल व मद्यार्क यांच्या संयोगाचा अभ्यास करून असें म्हटलें कीं, उष्णमान समान पायऱ्यांनीं चढलें तर वेग समान पटींनीं चढतो. इंग्लंडांत ऑक्सफर्ड येथें हारकोर्ट हा रसायनज्ञ आणि एसन हा गणिती यांनीं हायड्रोजन पेरॉक्साइड व हायड्रोआयोडिक अम्ल यांची क्रिया घेतली. द्रवांतील पिष्टामुळें ठराविक अंतरानें निळा रंग एकदम उमटे आणि दोन रंगांमधील काळ घड्याळानें मोजतां येई. त्यांचें सूत्र निराळें: वेग हा निरपेक्ष उष्णमानाच्या कांहींएका घाताच्या प्रमाणांत असतो. या सूत्रावरून त्यांनीं ज्या उष्णमानास क्रिया अजीबात थांबेल तें काढलें, तों तें हिमबिंदूच्या खालीं २७२.६ अंश निघालें. निरपेक्ष शून्य २७३.१५ अंशांवर आहे हें लक्षांत घेतां ही अचूकता पाहून कोणीही थक्क व्हावें. आणि तरीही हें सूत्र आज कोणी वापरीत नाहीं.

याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. हीं सर्व सूत्रें आपापल्या मोजमापांशीं उत्तम जुळत होतीं. प्रयोग पाण्यांत चालले असल्यामुळें उष्णमानाची व्याप्ति फार तर शून्यापासून पन्नास अंशांची. निरपेक्ष मोजणीनें २७३ पासून ३२३. एवढ्या आंखूड टप्प्यांत उष्णमान, त्याचा लॉगॅरिथम आणि त्याचा व्यस्त हीं तिन्ही जवळजवळ एकाच सरळ रेषेंत धांवतात. अर्थात् जें सूत्र एकाशीं जुळतें तें तिन्हींशीं जुळल्यासारखें दिसतें. ओळींतील तीन अक्षरें गळालेलीं असावींत आणि चार पंडितांनीं चार निरनिराळे शब्द तेथें बिनचूक बसवावे, त्यांतला प्रकार. जागा भरते म्हणून पाठ सिद्ध होत नाहीं. त्या पाठानें पुढच्या-मागच्या वाक्याचा अर्थ लागावा लागतो. हारकोर्ट व एसन यांच्या सूत्रांतील घाताचा आंकडा काय सांगतो, या प्रश्नास उत्तर नव्हतें, आणि तेथेंच तें सूत्र पडलें.

अर्थ लावण्याची दिशा हॉलंडमधील व्हान्ट हॉफ यानें दाखविली. १८८४ सालीं अ‍ॅम्स्टरडॅम येथें त्याचा रासायनिक गतिशास्त्रावरील फ्रेंच भाषेंतील ग्रंथ निघाला. उलटसुलट चालणारी क्रिया जेव्हां समतोलावर येते, तेव्हां जाण्याचा आणि येण्याचा वेग सारखा झालेला असतो. समतोलाचें स्थान उष्णमानानुसार कसें सरकतें याचा नियम उष्णतेच्या हिशेबावरून ज्ञात होता. तेव्हां दोन्ही वेगांच्या नियमाचा घाटही तसाच असला पाहिजे, असें त्यानें ओळखलें. त्याच्या मांडणींतील एक पर्याय असा कीं, वेगाचा लॉगॅरिथम आणि निरपेक्ष उष्णमानाचा व्यस्त यांचा आलेख काढला तर सरळ रेषा यावी.

हाच पर्याय घेऊन पांच वर्षांनीं, १८८९ सालीं, स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियसनें अम्लांमुळें होणाऱ्या उसाच्या साखरेच्या विघटनाच्या वेगावर आपला निबंध जर्मन नियतकालिकांत प्रसिद्ध केला. समीकरण आज त्याच्या नांवानें चालतें. मग श्रेय कोणाचें? नुसतें सूत्र पाहतां तें व्हान्ट हॉफचें आहे, याविषयीं आम्हांस संशय वाटत नाहीं. मोजमापेंही बहुतांशीं इतरांचीं. परंतु अऱ्हेनियसनें जें केलें तें टीकाकाराचें काम होतें, आणि टीकेवांचून सूत्र मुकें असतें हें सूत्रवाङ्मयाच्या अभ्यासकांस सांगावयास नको.

त्याचा युक्तिवाद थोडक्यांत असा. उष्णमान वाढलें कीं रेणु अधिक वेगानें धांवतात आणि अधिक वेळां एकमेकांवर आदळतात, म्हणून क्रिया त्वरेनें होते, हें उत्तर कोणीही देईल. परंतु हिशेब करून पाहा. रेणूंचा वेग निरपेक्ष उष्णमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत असतो. ३०० अंशांवरून ३१० वर गेलें तर तो शेंकडा पावणेदोनांहूनही कमी वाढतो. साखरेच्या विघटनाचा वेग तेवढ्यांत चौपट होतो. शेंकडा दोहोंतून चौपट कशी निघावी? द्रवाचा पातळपणाही इतका वाढत नाहीं. म्हणून अऱ्हेनियसनें म्हटलें कीं, अम्लाशीं क्रिया करते ती सामान्य साखर नव्हेच. साखरेच्या असंख्य रेणूंपैकीं अत्यल्प रेणु कोणत्याही क्षणीं ‘सक्रिय’ अवस्थेंत असतात, ती अवस्था येण्यास ऊर्जेची एक ठराविक रक्कम लागते, आणि क्रिया या सक्रिय रेणूंचीच होते. उष्णमान दहा अंशांनीं वाढलें कीं सर्व रेणूंची सरासरी ऊर्जा किंचितच वाढते. परंतु ती मोठी रक्कम गांठीं असणाऱ्या मूठभर रेणूंची संख्या पटींनीं वाढते. गांवांतील सर्वांचें उत्पन्न रुपयांत एक आणा वाढलें तर गांव श्रीमंत होत नाहीं, पण लाखाच्या उंबरठ्यावर बसलेल्यांपैकीं किती तरी जण एकदम उंबरा ओलांडतात, तसेंच हें.

या उंबरठ्यास पुढें जें नांव पडलें त्याचें मराठी भाषांतर ‘सक्रियण ऊर्जा’ असें रूढ आहे. व्याकरण विचारल्यास ‘सक्रिय’ या विशेषणास च्वि-प्रत्यय लावून ‘सक्रियीकरण’ असें रूप करणें अधिक सरळ. तथापि नामधातूचा आधार घेऊन ‘सक्रियण’ही साधतां येईल, आणि पाठ्यपुस्तकांनीं तें एकदां रुजविलें आहे. आम्ही तेंच ठेवतों.

१८८९ नंतर सर्वांनीं हें समीकरण लागलेंच मान्य केलें असें मात्र नाहीं. हारकोर्ट आणि एसन १९१२ सालींही आपल्या घाताच्या सूत्राचाच कैवार घेत होते. फ्रान्समधील मार्सेलिन यानें रेणूंच्या ऊर्जेचा विचार बराच पुढें नेला होता, तों १९१४ सालीं तो युद्धांत पडला. १९१८ सालीं इंग्लंडांतील लुइस यानें रेणूंच्या टकरा मोजून, त्यांतील पुरेशा जोराच्या किती याचा हिशेब करून, हायड्रोजन आयोडाइडच्या विघटनाचा वेग केवळ गणितानें काढला व तो प्रयोगाशीं पुष्कळसा जुळला. १९३५ सालीं अमेरिकेंत आयरिंग यानें, आणि इंग्लंडांत इव्हान्स व पोलान्यी यांनीं, उंबरठ्यावर उभ्या असलेल्या संक्रमण-अवस्थेचें शास्त्र रचलें. त्याच्या तपशीलांत शिरण्याचें हें स्थळ नव्हे.

आतां पुन्हां रुमालाकडे. कागद म्हणजे सेल्युलोज, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या शेंकडों-हजारों कड्यांची एक लांबच लांब सांखळी. उसाच्या साखरेंत दोन कड्या प्राणवायूच्या एका सांध्यानें जोडलेल्या असतात. कागदांतही कडीकडीमध्यें प्राणवायूचाच सांधा असतो. साखरेचा सांधा अम्लाच्या साहाय्यानें पाणी तोडतें, आणि कागदाचाही सांधा अम्लाच्या साहाय्यानें हवेंतील ओलावा तोडतो. जी क्रिया विल्हेल्मीनें नळींत पाहिली आणि जिच्यावरून अऱ्हेनियसनें सक्रिय रेणूंची कल्पना काढली, तीच जातीची क्रिया आपल्या प्रत्येक दप्तरांत अहोरात्र चालू आहे. केवळ जात एक म्हणून आम्ही असें म्हणत नाहीं. साखरेच्या विघटनाची सक्रियण ऊर्जा एका मोलास सुमारें १०८ किलोज्यूल आहे, आणि अम्लयुक्त कागदाच्या क्षयाचे जे आंकडे विश्वसनीय मानले जातात ते साधारण १०० ते ११५ किलोज्यूलांच्या मध्यें पडतात. एकाच हातचें अक्षर ओळखावें तसें हें साम्य आहे.

जुन्या हातकागदाचा लगदा चिंध्या, ताग इत्यादिकांचा असे आणि तो चुन्याच्या पाण्यांत मुरवीत. चुन्याचा अंश कागदांत राहून अम्लास मारतो. उलट गिरणीच्या कागदांत शाई फुटूं नये म्हणून राळ आणि तुरटी घालण्याची पद्धति जर्मनींतील इलिग यानें १८०७ सालीं प्रसिद्ध केली, आणि ती सर्वत्र पसरली. तुरटी ओलाव्यांत अम्ल उत्पन्न करते. पुढें चिंध्यांच्या जागीं लांकडाचा लगदा आला. शिवाय क्षय होतांना कागद स्वतःही नवीं अम्लें तयार करतो. म्हणजे गिरणीच्या कागदावरील नकलेंत अम्लाची नळी आधींच भरून ठेवलेली होती; तिच्याखालीं दिवा लावण्याचें काम पत्र्याच्या छपरानें केलें.

हा दिवा किती प्रखर होता याचा हिशेब अऱ्हेनियसच्या समीकरणानें करतां येतो. १०८ किलोज्यूल धरून, आणि ओलावा सारखा मानून, वीस अंशांवरील क्षयाचा वेग एक समजला तर तीस अंशांवर तो सवाचारपटींहून थोडा अधिक होतो, आणि चाळीस अंशांवर सुमारें सतरापट. संग्राहकांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. दोन खोल्यांचें सरासरी उष्णमान तीसच आहे. परंतु एक जाड भिंतींची, सदैव तीस अंशांवर, आणि दुसरी पत्र्याची, अर्धा वेळ वीस व अर्धा वेळ चाळीस अंशांवर. पहिलींत वेग सवाचारपट, दुसरींत एक आणि सतरा यांची सरासरी म्हणजे नऊपट. सरासरी सारखी असून कागदाचें आयुष्य निम्मेंही राहत नाहीं. ‘रात्रीं माळा चांगला थंड होतो’ हें समर्थन आम्हीं अनेक घरीं ऐकलें आहे, आणि पूर्वीं स्वतःही केलें आहे. तें या गणितापुढें टिकत नाहीं. कसर व वाळवी मात्र कोणत्याच समीकरणास जुमानीत नाहींत, हें निराळें.

समीकरणावर भलता विसंबण्याचाही धोका आहे. अमेरिकेंतील रिचमंड येथील बॅरो यानें १९५९ सालीं ग्रंथांच्या कागदाच्या क्षयावर आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. कागद १०० अंशांवर ७२ तास तापविला म्हणजे कपाटांतील सुमारें २५ वर्षांइतका जीर्ण होतो, हा मेळ तो वापरीत असे. आम्हीं तो पडताळून पाहिला. २५ वर्षांचे तास सुमारें २,१९,००० होतात. म्हणजे १०० अंशांवरील वेग तीन हजार चाळीसपट धरला. कपाट वीस अंशांवर मानल्यास यांतून सक्रियण ऊर्जा ९१ किलोज्यूल निघते. तीच १०८ धरली तर ते ७२ तास २५ नव्हे, सुमारें ११० वर्षांइतके होतात. आणि कपाट वीसऐवजीं पंचवीस अंशांवर असेल तर पुन्हां ५२ वर्षांवर येतात. लॉगॅरिथमांत केसभर चूक म्हणजे वर्षांत पिढ्यांची चूक. त्यांतही १०० अंशांवर कोरड्या भट्टींत कागदाचा ओलावा उडून जातो, आणि ओलाव्यावांचून ही क्रिया मूळ स्वरूपांत चालूंच शकत नाहीं. म्हणून अमुक कागद अमुक वर्षें टिकेल असें सांगणाऱ्यावर आमचा विश्वास बसत नाहीं. एका कागदाच्या दोन जागांची तुलना मात्र या समीकरणानें निर्धास्त करावी. तेथें आंकड्यांत थोडाबहुत फरक पडला तरी कौल बदलत नाहीं.

या सर्वांतून आमच्या एका जुन्या संवयीचा दोष आम्हांस दिसला. अस्सल कागद आला कीं आपण तो कापडांत बांधून उत्तम फडताळांत ठेवतों, आणि नक्कल ‘नक्कलच तर आहे’ म्हणून माळ्यावर टाकतों. चुना पोटांत असलेल्या अस्सलास माळा पुष्कळ वर्षें सोसतो. तुरटीच्या नकलेस तो सोसत नाहीं. १८६० पासून पुढच्या शंभर वर्षांत आपल्याकडील अनेक व्यासंगी मंडळींनीं गांवोगांव हिंडून बखरी, पत्रें, वंशावळी उतरून घेतल्या त्या बहुतेक गिरणीच्या कागदावर, आणि त्यांतील कित्येकांचीं अस्सलें त्यानंतर पुरांत, आगींत, वांटण्यांत नाहींशीं झालीं. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं जागेची निवड करतांना आधीं नकलांचा विचार करावा, त्या तळमजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, कोरड्या ठिकाणीं आणाव्या, आणि ज्यांचें अस्सल उपलब्ध नाहीं त्यांचीं छायाचित्रें घडी न उघडतां जेवढीं निघतील तेवढीं प्रथम काढून घ्यावीं, अशी आमची विनंति आहे.

आमच्या रुमालांतील ज्या नकला शाबूत होत्या त्यांपैकीं नऊ पूर्ण वाचतां आल्या, चार अर्धवट. त्या तेराही अम्लविरहित कागदावर उतरून झाल्या आहेत. रुमाल मालकांच्या संमतीनें माजघरांतील खालच्या फडताळांत हलविला आहे, आणि चुरा एका पाकिटांत भरून त्यावर नकलांचे अनुक्रमांक लिहून ठेवले आहेत.